शस्त्रक्रियेच्या प्रसूतीनंतरची रक्तगुठळी व तिचा प्रतिबंध

बीदर व कलबुर्गी या सीमावर्ती जिल्ह्यांत प्रसूती रुग्णालयात होणे ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. एके काळी सुईणीच्या हाती होणारे बाळंतपण आज प्राथमिक आरोग्य केंद्रात, तालुक्याच्या रुग्णालयात किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी होते, आणि त्यांतील पुष्कळ प्रसूती शस्त्रक्रियेने होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ या वर्षांतील पाचव्या फेरीत कर्नाटकातील ३१.५ टक्के प्रसूती सिझेरियन पद्धतीने झाल्याचे आढळून आले. त्यापूर्वीच्या २०१५-१६ च्या फेरीत हेच प्रमाण २३.६ टक्के होते. शेजारच्या तेलंगणात ते ६०.७ टक्क्यांवर पोहोचले आहे, तर महाराष्ट्रात २५.४ टक्के आहे. ही वाढ इष्ट की अनिष्ट, हा स्वतंत्र वादाचा विषय होय. परंतु ज्या स्त्रीच्या पोटावर शस्त्रक्रिया झाली, तिच्या पुढील सहा आठवड्यांची काळजी ही वादाची बाब नव्हे.

या सहा आठवड्यांत रक्तस्राव, जंतुसंसर्ग व रक्तदाब या तीन शत्रूंची ओळख आपल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना चांगली आहे. चौथा शत्रू गुपचूप येतो. तो म्हणजे पायाच्या किंवा ओटीपोटाच्या खोल नीलेत जमणारी रक्ताची गुठळी. पायात ती असेपर्यंत सूज व ठणका एवढेच दिसते. पण तिचा तुकडा सुटून हृदयामार्गे फुप्फुसाच्या रोहिणीत अडकला, तर काल न्हाऊन बसलेली बाळंतीण आज काही मिनिटांत दगावू शकते. घरच्यांना कारण कळत नाही. 'चांगली होती, एकाएकी गेली', एवढेच गावात बोलले जाते.

गुठळी का जमते, याचे उत्तर जर्मन वैद्यकशास्त्रज्ञ रुडॉल्फ विर्खो यांच्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास झालेल्या अभ्यासातून मिळू लागले. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी त्रिसूत्री आजही वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना पाठ करावी लागते. रक्ताचा प्रवाह मंदावणे, रक्तवाहिनीच्या आतील अस्तराला इजा होणे आणि रक्ताचीच गोठण्याची प्रवृत्ती वाढणे, ही ती तीन कारणे होत. गर्भिणीच्या ठायी ही तिन्ही एकत्र येतात. प्रसूतीच्या वेळी रक्त वाहून जाऊ नये म्हणून निसर्गच गरोदरपणात रक्तातील गोठविणाऱ्या घटकांचे प्रमाण वाढवून ठेवतो. वाढलेल्या गर्भाशयाचा भार ओटीपोटातील नीलांवर पडून पायांकडून वर येणारे रक्त रेंगाळते. आणि प्रसूतीत, विशेषतः शस्त्रक्रियेत, वाहिन्यांना थोडीफार इजा होतेच. म्हणून गरोदर नसलेल्या त्याच वयाच्या स्त्रीपेक्षा गर्भवतीला गुठळीचा धोका चार ते पाच पट असतो. प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तो त्याहूनही अधिक वाढतो. नैसर्गिक प्रसूतीच्या तुलनेने सिझेरियननंतर हा धोका सुमारे चौपट मानला जातो.

येथे एक बारीकसा शरीररचनेचा मुद्दा लक्षात ठेवण्याजोगा आहे. उजव्या पायाकडे जाणारी रोहिणी डाव्या पायाकडून येणाऱ्या नीलेच्या अंगावरून आडवी जाते व तिला दाबते. त्यामुळे बाळंतिणीची गुठळी बहुधा डाव्या पायात सापडते. 'दोन्ही पाय सुजले' हे गरोदरपणात नेहमीचे आहे. 'एकच पाय सुजला, आणि तोही डावा' ही मात्र वेगळी तक्रार समजली पाहिजे.

जुन्या युरोपात या विकाराला 'दूध उतरलेला पाय' अशा अर्थाचे नाव होते. स्तनांतील दूध वाट चुकून पायात उतरते, म्हणून तो पांढरा व टणक होतो, अशी तेथील सुईणींची आणि वैद्यांचीही समजूत होती. गैरसमजुती केवळ आपल्याच देशात होत्या असे मानण्याचे कारण नाही. तिकडेही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत बाळंतिणीला दहा-बारा दिवस अंथरुणावरून उठू देत नसत, आणि त्या सक्तीच्या विश्रांतीने गुठळीला आयतेच आमंत्रण मिळत असे.

हेपारिनची जन्मकथा

गुठळीच्या प्रतिबंधासाठी जे इंजेक्शन दिले जाते, त्याचे मूळ द्रव्य हेपारिन. त्याचा शोध काहीसा योगायोगाने लागला. १९१६ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्राध्यापक विल्यम हॉवेल यांच्या प्रयोगशाळेत जे मॅक्लीन नावाचा वैद्यकाचा विद्यार्थी रक्त गोठविणाऱ्या पदार्थाचा शोध घेत होता. हाती आला तो नेमका उलट गुणाचा पदार्थ. कुत्र्याच्या यकृतातून काढलेला हा अंश रक्त गोठू देत नसे. ग्रीक भाषेतील यकृतवाचक शब्दावरून हॉवेल यांनी पुढे १९१८ साली त्याला हेपारिन हे नाव दिले. माणसाला टोचण्याइतके शुद्ध हेपारिन मिळण्यास आणखी दीड-दोन दशके लागली. टोरांटो येथे चार्ल्स बेस्ट व त्यांचे सहकारी, आणि स्टॉकहोम येथे एरिक यॉर्प्स यांनी १९३० नंतरच्या काळात ते काम तडीस नेले. हे बेस्ट म्हणजे इन्सुलिनच्या शोधातील बँटिंग यांचे सहकारी होत.

हेपारिन आधी उपचार म्हणून वापरले गेले. गुठळी होण्यापूर्वीच ते अल्प मात्रेत द्यावे, ही कल्पना नंतरची. तिला भक्कम पुरावा मिळवून देण्याचे श्रेय मूळच्या भारतीय असलेल्या एका शल्यचिकित्सकाकडे जाते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातील डॉ. विजय वीर कक्कर यांच्या पुढाकाराने अनेक रुग्णालयांत मिळून झालेल्या चाचणीचा अहवाल १९७५ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. चाळिशीच्या वरील, मोठी शस्त्रक्रिया झालेले ४,१२१ रुग्ण त्यात होते. हेपारिन न मिळालेल्या गटात फुप्फुसातील गुठळीने १६ जण दगावले. हेपारिन मिळालेल्या गटात २. या रुग्णांत बाळंतिणी नव्हत्या, हे ध्यानात घेतले पाहिजे. तथापि प्रतिबंधाचे तत्त्व सिद्ध झाले व पुढे ते प्रसूतिशास्त्रातही आले.

ब्रिटनमध्ये १९५२ पासून प्रत्येक मातामृत्यूची गोपनीय चौकशी करण्याची पद्धत आहे. गुठळी हे तेथे मातामृत्यूंचे एक प्रमुख कारण असल्याचे या चौकशीतूनच वारंवार पुढे आले. तेथील प्रसूतितज्ज्ञांच्या राजमान्य महाविद्यालयाने मार्गदर्शक सूचना काढल्यानंतर फरक दिसू लागला. २००३-०५ या तीन वर्षांत गुठळीने ४१ माता दगावल्या होत्या. २००६-०८ मध्ये ही संख्या १८ वर आली. एवढ्या थोड्या काळात एवढी घट मातामृत्यूच्या कोणत्याही कारणात क्वचितच पाहावयास मिळते.

कोणाला द्यावे, कोणाला नाही

प्रत्येक सिझेरियननंतर हे इंजेक्शन दिलेच पाहिजे काय? याबाबत जगातील तज्ज्ञांत एकमत नाही. ब्रिटिश सूचनांप्रमाणे आयत्या वेळी, कळा सुरू झाल्यावर कराव्या लागलेल्या सिझेरियननंतर सर्वसाधारणपणे दहा दिवस इंजेक्शन द्यावे. आधी ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत मात्र आणखी एखादा धोक्याचा घटक असेल तर द्यावे. आणि पूर्वी गुठळी होऊन गेलेली असल्यास सहा आठवडे द्यावे, असे आहे. अमेरिकेतील तज्ज्ञांनी सर्वांना इंजेक्शन देण्याऐवजी पायांना ठरावीक अंतराने दाब देणाऱ्या हवेच्या पट्ट्यांवर अधिक भर दिला. आपल्याकडे अशी यंत्रे मोठ्या रुग्णालयांपुरतीच आहेत. म्हणून बाळंतिणीगणिक धोका मोजून निर्णय घेणे हाच व्यवहार्य मार्ग ठरतो.

धोक्याचे घटक शोधण्यास महागड्या तपासण्या लागत नाहीत. पस्तिशीच्या पुढचे वय, स्थूल शरीर, तीन वा अधिक बाळंतपणे, जुळे, गरोदरपणातील वाढलेला रक्तदाब, प्रसूतीत पुष्कळ रक्त जाणे किंवा रक्त चढवावे लागणे, जंतुसंसर्ग, फार काळ चाललेल्या कळा, पायांवरील ठळक फुगलेल्या शिरा, आणि घरात कोणाला अशी गुठळी झाल्याचा इतिहास, एवढे विचारले व पाहिले तरी पुरेसे चित्र उभे राहते. शेवटचा प्रश्न विचारताना 'गुठळी' हा शब्द न वापरता 'घरात कोणाचा एक पाय सुजून दवाखान्यात ठेवावे लागले होते का?' असे विचारले, तर उत्तर लवकर मिळते.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. पाचव्या पाहणीत कर्नाटकातील १५ ते ४९ वयाच्या ४७.८ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. अशा स्त्रीच्या अंगात रक्ताची शिल्लक थोडी. तिला आणखी रक्तस्राव परवडत नाही. ज्या बाळंतिणीचा रक्तस्राव थांबलेला नाही, जिच्या रक्तातील बिंबाणू फार कमी आहेत, जिचा रक्तदाब आटोक्यात नाही किंवा मूत्रपिंड नीट काम करीत नाही, तिच्याबाबत डॉक्टर हे इंजेक्शन लांबणीवर टाकतात, मात्रा बदलतात किंवा देतच नाहीत. शेजारच्या खाटेवरील बाईला सुई मिळाली आणि आपल्या सुनेला मिळाली नाही, म्हणून तक्रार करणाऱ्या नातेवाइकांना ही गोष्ट शांतपणे समजावून द्यावी लागते.

आज सामान्यतः वापरले जाते ते हेपारिनचे हलके रूप, म्हणजे कमी रेणुभाराचे हेपारिन. एनोक्झापॅरिन हे त्यातील परिचित नाव. भारताच्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधसूचीत हे औषध व साधे हेपारिन या दोहोंचा समावेश आहे. ५० ते ९० किलो वजनाच्या स्त्रीला एनोक्झापॅरिन दिवसातून एकदा ४० मिलिग्रॅम, व ५० किलोपेक्षा कमी वजन असल्यास २० मिलिग्रॅम, ही प्रतिबंधाची रूढ मात्रा होय. आपल्या भागातील कितीतरी कृश बाळंतिणी या दुसऱ्या गटात मोडतात. म्हणून वजन काट्यावर करावे, अंदाजाने लिहू नये. सिझेरियनसाठी मणक्यातून भूल दिलेली असल्यास भूल व पहिले इंजेक्शन यांत डॉक्टरांनी ठरविलेले काही तासांचे अंतर ठेवणे अत्यावश्यक असते, अन्यथा मणक्यात रक्तस्राव होण्याचा संभव असतो. पहिली सुई रुग्णालयातच दिली जाते, ती याच कारणासाठी.

दुधावाटे हे औषध बाळाला बाधते का, ही शंका जवळजवळ प्रत्येक आजी विचारते. दुधात ते नगण्य प्रमाणात उतरते, आणि पोटातून शोषले जात नसल्यामुळे बाळाला अपाय होत नाही. इंजेक्शन चालू असताना अंगावर पाजण्यास कोणतीही आडकाठी नाही. आणखी एक गोष्ट काही कुटुंबांना सांगणे उचित ठरते. आजचे बहुतेक हेपारिन डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून तयार होते. धर्मश्रद्धेमुळे ज्यांना यात अडचण वाटते, त्यांच्याशी डॉक्टरांनी आधीच मोकळेपणी बोलावे. फोंडापॅरिनक्स हे कृत्रिमरीत्या तयार होणारे औषधही उपलब्ध आहे, मात्र ते योग्य की नाही हे डॉक्टरच ठरवतील. मागाहून कळून विश्वास उडण्यापेक्षा हे बरे.

रुग्णालयाच्या दारापासून घरापर्यंत

खरा प्रश्न येथून पुढे सुरू होतो. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सरकारी रुग्णालयात सिझेरियन, औषधे व घरी पोहोचविणारे वाहन विनामूल्य आहे, आणि सिझेरियन झालेल्या मातेला सात दिवसांपर्यंत आहारही मिळतो. परंतु इंजेक्शने दहा दिवसांची. उरलेले दिवस घरचे असतात.

उदाहरणादाखल अशी एक सून डोळ्यांपुढे आणावी. सासर उदगीरचे, माहेर भालकी तालुक्यातील. पहिलटकरीण म्हणून ती माहेरी आली. कळा लांबल्या म्हणून बीदरला नेले आणि रात्री शस्त्रक्रिया झाली. घरी सोडताना हातात तीन सुया व एक कागद पडला. कागद इंग्रजीत, सोबतचे 'तायी कार्ड' कानडीत, आणि बाई वाचते मराठी. सातव्या-आठव्या दिवशी बारशाची गडबड, पाहुण्यांची वर्दळ. सुया फडताळात राहून जातात. अकराव्या दिवशी पाय दुखू लागला, तर आई मायेनेच तेल कोमट करून पोटरी रगडू लागते. यात दोष कोणाला द्यावा? आईला कोणी सांगितलेच नव्हते. सुजलेल्या पायाला मालीश करणे मात्र सर्वांत धोक्याचे, कारण गुठळी तेथून सुटण्याची भीती असते.

म्हणून घरी सोडताना तोंडी सांगणे हाच कागदापेक्षा मोठा उपाय आहे, आणि तो तिच्या भाषेत असावा. सुदैवाने कानडीत 'सूजी', मराठीत व दखनीत 'सुई', इतका हा शब्द जवळचा आहे. शेवटच्या सुईची तारीख कार्डावर ठळक आकड्यांत लिहावी. बाळंतीण सीमेपलीकडे सासरी जाणार असेल, तर तेथील आशा कार्यकर्तीला निरोप जाणे आवश्यक आहे. घरभेटींच्या कार्यक्रमात शस्त्रक्रियेने प्रसूती झालेल्या घरी आशाताई सातव्या दिवसापासून चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी जातात. या भेटी मुख्यतः बाळासाठी योजलेल्या आहेत. त्याच वेळी आईचे दोन्ही पाय शेजारी शेजारी पाहिले, तर जादा वेळ लागत नाही.

सुई टोचण्याची रीत अवघड नाही. परिचारिकेने दोनदा दाखविल्यावर पुष्कळ स्त्रिया स्वतः टोचून घेतात. साबणाने हात धुवावेत. बेंबीपासून दोन इंच दूर, टाक्यांपासून अंतर राखून, पोटाची कातडी चिमटीत धरावी. पोटावर टोचणे नकोसे वाटल्यास मांडीची बाहेरील बाजू चालते. सुई सरळ उभी आत घालून औषध सावकाश सोडावे व सुई निघेपर्यंत चिमटी सोडू नये. पूर्ण मात्रेच्या भरून आलेल्या सिरिंजमधील हवेचा लहानसा बुडबुडा काढून टाकू नये. तो काढताना औषधच सांडते. नंतर ती जागा चोळू नये, नाहीतर काळेनिळे पडते. दररोज बाजू बदलावी. कलबुर्गीच्या वैशाखात पत्र्याच्या घरात ही औषधे ठेवणे योग्य नव्हे. ती २५ अंशांखाली, पण बर्फात न गोठविता ठेवावयाची असतात. माठाशेजारची सावलीची जागा बंद डब्यासह बरी, आणि शक्य तर रोजची सुई आरोग्य उपकेंद्रातून टोचून घेणे अधिक बरे. वापरलेली सुई पुन्हा टोपणात न घालता जाड झाकणाच्या डब्यात टाकून आरोग्य केंद्राला परत करावी, उकिरड्यावर नव्हे.

पाणी, शेगडी आणि डोकेदुखी

केवळ इंजेक्शनावर भिस्त ठेवणे चुकीचे ठरेल. पोटरीचे स्नायू हे पायातील रक्त वर ढकलणारे पंपच आहेत. डॉक्टरांची परवानगी मिळताच, बहुधा शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवसाच्या आत, बाळंतिणीने धरून का होईना चार पावले टाकावीत. अंथरुणात असतानाही पावले वरखाली हलवावीत.

या भागातील एक रूढी येथे विशेष नमूद केली पाहिजे. बाळंतिणीला पाणी कमी द्यावे, म्हणजे पोट सुटत नाही व टाके लवकर भरतात, असा समज कानडी, मराठी व तेलुगू अशा तिन्ही घरांत आढळतो. बंद खोली, खाटेखाली शेगडी, कानाला फडके, आणि प्यायला ओव्याचे मोजके पाणी. ओवा, बाळंतशोपा, डिंकाचे लाडू यांना कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. पाणी तोडण्याला मात्र आहे. अंगातील पाणी आटले की रक्त दाट होते, आणि आधीच गोठण्यास टपलेल्या रक्ताला ते निमित्त पुरते.

अशा वेळी गुठळी पायातच होते असे नाही; मेंदूतील नीलांतही होते. भारतातील बाळंतिणींत हा विकार पाश्चात्त्य देशांपेक्षा अधिक प्रमाणात दिसल्याची नोंद आपल्या मज्जाविकारतज्ज्ञांनी फार पूर्वीच केली. मदुराईचे डॉ. के. श्रीनिवासन यांनी १९८३ साली गरोदर व बाळंत स्त्रियांतील मेंदूतील गुठळीच्या १३५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बेंगळूरूच्या निम्हान्स संस्थेतही या विकारावर दीर्घ काळ काम झाले. बीदर-कलबुर्गीचे अत्यवस्थ रुग्ण जेथे धाडले जातात त्या हैदराबादच्या निझाम वैद्यकीय संस्थेने २०१२ साली मेंदूतील नीलांच्या गुठळीच्या ४२८ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यात बाळंतपणाबरोबर रक्तक्षयाचेही स्थान ठळक होते.

वाढत जाणारी डोकेदुखी, ओकाऱ्या, नजर अंधुक होणे, झटके, हात किंवा पाय लुळा पडणे, ही त्याची लक्षणे. दुर्दैवाने बाळंतिणीला झटके आले की 'बाहेरची बाधा' म्हणून अंगारा लावण्यात एक रात्र जाते, आणि ती रात्रच मोलाची असते. वेळेवर निदान झाल्यास हेपारिननेच पुष्कळ स्त्रिया बऱ्या होतात. त्याचप्रमाणे एका पायाची सूज, पोटरी किंवा जांघेतील दुखणे, त्वचा गरम व लालसर होणे. तसेच एकाएकी दम लागणे, श्वास घेताना छातीत कळ, खोकल्यातून रक्त किंवा भोवळ, यांपैकी काहीही दिसल्यास १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि 'बाळंतपणाला इतके दिवस झाले, शस्त्रक्रियेने झाले, सुया अमुक दिवशी थांबल्या' ही तीन वाक्ये डॉक्टरांना आधी सांगावीत. इंजेक्शने चालू असताना टाक्यांतून किंवा अंगावरून जास्त रक्त जाऊ लागले, तर पुढची सुई न घेता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

बेचाळिसाव्या दिवसाच्या तपासणीपूर्वी पाळणा लांबविण्याचा प्रश्न निघतोच. माला-एन सारख्या इस्ट्रोजेनयुक्त गोळ्या रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढवितात, म्हणून अंगावर पाजणाऱ्या मातेने पहिल्या सहा महिन्यांत त्या घेऊ नयेत. आणि जिला गुठळी होऊन गेली आहे, तिने त्यानंतरही त्या आपल्या मनाने सुरू न करता तांबी किंवा अन्य साधनाविषयी डॉक्टरांना विचारावे. गुठळीचा इतिहास कार्डावर लाल शाईने लिहून घ्यावा, म्हणजे पुढच्या गरोदरपणात पहिल्याच तपासणीला तो डॉक्टरांच्या नजरेस पडेल.